गोडं पाणी

अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर दिवस कलला होता. घोडागाडीवाले, भेळवाले आवराआवरीला लागले होते. पर्यटकांना वाळूत फेऱ्या मारायला देतात त्या चारचाकी बाइक, म्हणजे एटीव्ही, एका ओळीत उभ्या केल्या होत्या आणि सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा त्या धूत होता. बादली लाटेत बुडवायची, पळत वर यायचं, गाडीवर रिकामी करायची, की पुन्हा लाटेकडे. तापलेल्या इंजिनावर पाणी पडलं की चर्र व्हायचं आणि जळक्या ऑइलच्या वासाची वाफ उठायची. चेनवर, मागच्या ॲक्सलवर, ब्रेकवर, सगळीकडे तेच पाणी. वाळू निघून जायची आणि मावळत्या उन्हात गाडी लख्ख दिसायची. मला राहवलं नाही. "अरे, खाऱ्या पाण्याने नको धुऊस, बेअरिंगं जातील," मी म्हणाले. त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. "ताई, गोडं पाणी घरी प्यायला पुरत नाही. याला कुठून आणू?" एवढं बोलून तो दुसऱ्या बादलीसाठी गेला.

मांडव्याला येऊन बोटीत बसले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मी सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. खाऱ्या पाण्याने काय होतं ते मी हाताने पाहिलेलं आहे. सगळ्यात आधी चेन जाते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस पूड चढते, मग एकेक कडी आखडते, आणि आखडलेली चेन हलवून पाहिली तर वाकलेली जागा वाकलेलीच राहते. ब्रेकच्या कॅलिपरची पिन आत अडकते, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर येतो आणि एका सकाळी स्टार्टर बटण दाबलं तरी काहीच होत नाही. बेअरिंग सगळ्यात शेवटी बोलतं, पण ते बोलायला लागलं की उशीर झालेला असतो. हे सगळं त्या पोरालाही ठाऊक असणार, माझ्यापेक्षा जास्तच, कारण गाड्या बंद पडल्या की त्याचा रोज बुडतो. मी त्याला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. त्याने मात्र मला सांगितलं होतं.

त्या गाड्यांच्या मडगार्डवर कंपनीची लेबलं होती, मिठाने आणि उन्हाने फिकी पडलेली. मोठी एटीव्ही १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये, मागे कुणाला बसवू नये, डांबरी रस्त्यावर नेऊ नये, असं बनवणारे स्वतःच गाडीवर लिहून ठेवतात. त्यामागे मोठा इतिहास आहे. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत ही गाडी आणली तेव्हा तिला तीन चाकं होती. फुगीर टायरची ती गाडी लोकांना फार आवडली, पण ती वळणावर उलटायची, माणसं जायबंदी व्हायची, मरायची. शेवटी १९८८ मध्ये तिथे नव्या तीनचाकी विकणं थांबलं आणि चार चाकांचीच राहिली. चार चाकांचीही उलटते. साध्या गाड्यांमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळताना आतल्या चाकाला थोडं घसरावंच लागतं. वाळूत, मातीत ते घसरतं. डांबरावर ते पकड सोडत नाही आणि गाडी सरळच जायला बघते. म्हणून चालवणाऱ्याने वळणाच्या आतल्या बाजूला अंग झोकायचं, बाहेरच्या पायावर भार द्यायचा. मागे बसलेल्याला हे ठाऊक नसतं, तो घाबरून नेमका उलटीकडे कलतो. त्या संध्याकाळी शेवटच्या फेरीला एक अख्खं कुटुंब एका गाडीवर बसलेलं मी पाहिलं. पुढे मुलगा, मग वडील, मागे आई, तिच्या पाठीला धाकटी मुलगी. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. माझ्या पोटात गोळा आला. आणि ते चौघं इतके मनापासून हसत होते की, ती आई गाडीवरून उतरून पदराने डोळे पुसत पुन्हा हसू लागली तेव्हा मलाही हसू आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

किनाऱ्यावर मी स्वतः गाडी चालवत नाही. ओल्या वाळूतून गेलेल्या चाकाच्या पट्ट्यात खेकड्यांची बिळं कशी दबून जातात, हे एकदा वाकून पाहिलं की पुरतं. कासवांची अंडी हातभर खोल पुरलेली असतात, त्यांचं काय होत असेल याचा विचारच करवत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या वर्सोव्याला, कचरा उपसून मोकळ्या केलेल्या किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली, तेव्हा सगळी मुंबई हरखली होती. त्या वाळूवर माझ्या चाकांचं काही काम नाही.

माझी गाडी शहापूर तालुक्यात असते, आटगावच्या पुढे, मावसभावाच्या शेतावर.

तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादाच म्हणते. गाडी आम्ही दोघांनी मिळून जुनी घेतली. १५० सीसी, कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली, स्कूटरसारखी बेल्टवर चालणारी आणि मागे चेन. तिला नंबरप्लेट नाही, रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून छोट्या टेम्पोत घालून शेतावर नेली आणि तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली आहे. मी राहते भांडुपला. त्यामुळे गाडी तिकडे आणि तिचे अवयव इकडे, असं आमचं चालू असतं. कार्बोरेटर रिकामा करून, पुसून, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी कसारा लोकलने ठाण्याला आणि तिथून स्लो गाडीने घरी आणते. घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर नव्हे, बाल्कनीतल्या स्टुलावर तो उघडायचा, हा आईचा नियम. आतल्या पायलट जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीचं, भोक इतकं बारीक असतं की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. त्यात सुई घालायची नाही. जेट पितळेचा, सुई पोलादाची, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून घ्यायची, हलकेच आत-बाहेर करायची, मग कार्बोरेटर क्लीनरचा एक फवारा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली की जेट चोंदलाच म्हणून समजा. उजेडाचा तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका भोकातून आरपार दिसला की होणारा आनंद मला कुठल्याही मोठ्या कामात मिळालेला नाही.

एअर फिल्टर स्पंजचा असतो. तो साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, पिळला की फाटतो. पहिलं पाणी विटकरी निघतं, दुसरं चहासारखं, चौथं-पाचवं बऱ्यापैकी नितळ. मग तो सावलीत दोरीवर वाळत घालायचा आणि सुकल्यावर फिल्टर ऑइलमध्ये भिजवून, जादाचं दाबून काढून बसवायचा. ऑइल नसेल तर स्पंज बारीक धूळ अडवत नाही. ती पिस्टनपर्यंत जाते आणि सिलिंडर घासून टाकते. फिल्टर दोरीवर दिसला की शेजारच्या काकू विचारतात, "जाऊन आलीस वाटतं शेतावर?"

बेअरिंग आणायला नागदेवीला जायचं. मशीद बंदरला उतरून गर्दीतून, हातगाड्या चुकवत. तिथल्या दुकानात बेअरिंगचं नाव सांगायचं नसतं, आकडा सांगायचा असतो. ६००६ म्हटलं की आतला व्यास ३० मिलिमीटर, कारण शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की शाफ्टचं माप येतं. ६२०५ म्हणजे २५. रबर सील दोन्ही बाजूंना हवं हे वेगळं सांगायचं, नाहीतर पत्र्याचं देतात आणि मातीत पत्र्याचं टिकत नाही. दुकानदार कागद सोडून बेअरिंग हातात देतो, मी बोटावर धरून फिरवते, तोही बघत असतो. चांगलं बेअरिंग आवाज न करता, जरासं जड, एकसारखं फिरतं. माझे बाबा बेस्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. चालत्या मशीनच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं आणि मूठ कानाला, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं, ही त्यांनी दिलेली विद्या. मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं आणि ॲक्सलच्या बेअरिंगच्या घरावर स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकायचं. निरोगी बेअरिंगची नुसती सळसळ येते. आत पाणी शिरलं असेल तर खर्र-खर्र, मधेच एक टक्. बाबा गेल्यावरसुद्धा मी ऐकताना डोळे मिटते, ते मिटायचे म्हणून.

गाडी चालवायचे दिवस म्हणजे भात घरात आल्यापासून पुढचे तीनेक महिने. खाचरं रिकामी असतात, धसकटं उन्हात पिवळी पडलेली, सकाळी दव इतकं की बूट भिजतात. निघायच्या आधी टायरमधली हवा बघायची. या टायरना हवा फार थोडी लागते, चार-पाच पीएसआय, स्कूटरच्या टायरात तिशीच्या आसपास असते त्याच्या तुलनेत काहीच नाही. पेट्रोल पंपावरचं मीटर एवढं कमी दाखवतच नाही, म्हणून सायकलचा पंप आणि वेगळं छोटं मीटर आम्ही ठेवलंय. हवा कमी म्हणून टायर दगडावर दबतो, जमिनीला धरून चालतो. मग उजव्या अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा, मोटरसायकलसारखी मूठ पिरगळायची नसते, आणि बैलगाडीच्या वाटेने निघायचं. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे. बांध आडवा आला तर तिरका घ्यायचा नाही, सरळ समोरून घ्यायचा, दोन्ही पुढची चाकं एकदम चढली पाहिजेत. आडव्या उतारावर अंग डोंगराच्या बाजूला टाकायचं. थोड्या वेळाने अंगठा दुखायला लागतो, खांदे भरून येतात. सागाची वाळकी पानं चाकाखाली कडाकडा मोडतात, त्यांचा आवाज इंजिनाच्या वर येतो. फेब्रुवारीत पळस फुललेला असतो. वनखात्याच्या हद्दीत, तानसा अभयारण्याकडे, आम्ही जात नाही. दादाची, चुलत्यांची आणि ओळखीच्यांची रानं, आणि त्यांच्यामधल्या गाडीवाटा, एवढाच आमचा मुलूख. मला तो पुरतो. त्याच वाटेवर प्रत्येक वेळी नवा दगड वर आलेला असतो.

या वाटांवर आम्ही एकटे नसतो. फेब्रुवारी संपता संपता पाड्यावरच्या विहिरी खाली जायला लागतात आणि सकाळ-संध्याकाळ हंडे निघतात. दादाचा पहिल्या दिवसापासूनचा कायदा आहे: हंडा दिसला की गाडी वाटेच्या बाहेर घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि शेवटचा हंडा वळणाआड जाईपर्यंत सुरू करायचं नाही. एकदा चढाच्या माथ्यावर आम्ही असेच थांबलो. आमच्यामागची धूळ आमच्या मागोमाग आली आणि वाऱ्याने पुढे सरकली. पाच-सहाजणी येत होत्या. पहिलीच्या डोक्यावर एकावर एक दोन हंडे. धूळ दिसताच तिने न थांबता, मानही न हलवता, एका हाताने पदर ओढला आणि वरच्या हंड्याच्या तोंडावर धरला. मागच्या साऱ्याजणींनी तेच केलं. एक लहान पोरगी होती, तिच्याकडे कळशी होती आणि पदर नव्हता. तिने पंजा पसरून कळशीवर ठेवला. तो पुरत नव्हता, बोटांच्या फटी राहत होत्या. त्या आमच्यासमोरून गेल्या. कुणी काही बोललं नाही. पोरीने मात्र जाता जाता फुगीर टायरकडे पाहून घेतलं, खूप वेळ, मान वळवून.

तेव्हापासून हंड्यांच्या वेळा टाळूनच आम्ही निघतो.

वाट एका ठिकाणी चढून मोकळ्या माळावर येते आणि तिथून लांबवर पाण्याची मोठी लोखंडी पाइपलाइन दिसते. इथून ती मुंबईला जाते. तानसाचं धरण १८९२ मध्ये बांधून झालं, तेव्हापासून या तालुक्याचं पाणी आमच्या शहराकडे वाहतंय. आता वैतरणाची धरणं आहेत, भातसा आहे. मुंबई पिते त्यातलं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. यातलं बरंचसं भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येतं आणि मग शहरभर जातं. म्हणजे मी भांडुपला नळ सोडून फिल्टर धुते तेव्हा या तालुक्याची धूळ याच तालुक्याच्या पाण्याने धुतली जाते. आणि उन्हाळ्यात याच शहापुरातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते, हे दरवर्षी पेपरात येतं, आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. माळावर उभं राहून पाइपलाइन बघताना मला किनाऱ्यावरचा तो पोरगा आठवतो. त्याने मला टोमणा मारला नव्हता. पण "कुठून आणू" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण माझ्या घरी तो नळ सोडवतो.

म्हणून गाडी कमी पाण्यात कशी सांभाळायची याच्या मागे मी लागले, आणि कळलं की मातीत चालणाऱ्या गाडीला खूप पाणी मानवतही नाही. सर्व्हिस सेंटरवर जोराचा फवारा मारून धुतात ना, तो फवारा सीलच्या कडेतून बेअरिंगमध्ये पाणी ढकलतो. बेल्टच्या कव्हरात पाणी गेलं तर बेल्ट घसरतो, इंजिन नुसतं ओरडतं, गाडी हलत नाही. मग खालचा निचऱ्याचा बूच काढून ठेवावा लागतो. आम्ही आता माती पूर्ण वाळू देतो. वाळलेली माती रंगाच्या रुंद ब्रशने झाडली की नव्वद टक्के निघते. चाकाच्या आतली खरवडायला बांबूची चपटी पट्टी. रेडिएटर नाही, पण सिलिंडर हवेने थंड व्हावा म्हणून त्याच्याभोवती असलेल्या पात्यांमध्ये माती अडकली तर इंजिन तापतं, तिथे सायकलच्या पंपाने हवा मारायची. चेन डिझेलच्या फडक्याने पुसायची, ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडायचं आणि जादाचं पुसून टाकायचं, ओली चेन धूळ धरते. पाणी लागतं ते शेवटी एक तांब्या, फडकं भिजवायला. समुद्रावरच्या गाडीलाही मी हेच केलं असतं. मीठ विरघळवायला गोडं पाणी लागतंच, पण ते अख्ख्या गाडीवर ओतायची गरज नाही. ओलं फडकं ॲक्सलच्या दोन टोकांना, ब्रेकला, वायरिंगच्या जोडांना आणि चेनला फिरवलं, वर ऑइलचा हात दिला, तर एका गाडीला एक तांब्या पुरावा. समुद्राची बादली मात्र नको, तिच्यापेक्षा वाळू झाडून तशीच ठेवलेली बरी. हे त्या पोराला सांगायला मी पुन्हा एकदा त्या किनाऱ्यावर गेले, पण गाड्या दुसराच कुणीतरी बघत होता. त्याने ऐकून घेतलं. तांब्याचा हिशोब त्याला पटला, ऑइलचा नाही. ऑइलला पैसे पडतात आणि ते मालक देत नाही.

शेतावर पाण्याचा शेवटचा शब्द वहिनीचा. दादाच्या विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्या सगळ्या बुडालेल्या असतात. वहिनीने सांगून ठेवलंय, तिसरी पायरी उघडी पडली की गाडीला पाण्याचा थेंब मिळणार नाही, आणि पाचवी उघडी पडली की गाडी काढायचीच नाही. कारण तेव्हा पाड्यावरच्या बायकाही याच विहिरीवर येतात आणि दिवसभर वाटेवर असतात. पाऊस सुरू झाल्यावरही गाडी बंदच. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीत चाकं घालायचा मोह फार होतो, सगळ्या जाहिरातींत चिखलच उडत असतो. पण दादाने मला पलीकडच्या रानातली एक वाट दाखवली होती. कुणीतरी जूनमध्ये तिथून जीप नेली होती. चाकांच्या दोन चाकोऱ्यांतून पाणी धावलं आणि श्रावणात तिथे गुडघाभर ओघळ झाला होता, खालच्या बाजूच्या खाचरात सगळा गोटा येऊन पडलेला. ज्याचं खाचर त्याने तो हाताने वेचला.

यंदा पाचवी पायरी होळीच्या आधीच उघडी पडली. मी रविवारी जाऊन टाकीतलं पेट्रोल काढून दादाच्या मोटरसायकलमध्ये ओतलं, कार्बोरेटर रिकामा केला, बॅटरी सोडवून घरात ठेवली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा घातला आणि तो राहून जाऊ नये म्हणून हँडलला लाल दोरा बांधला. चेन आता ताणूनही ताठ बसत नाही, दोन्ही स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांच्यावर फिरते त्या चाकांचे, दात एका बाजूला झिजलेत, तिन्ही एकदमच बदलायला हवीत, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवर महिन्यात खराब होते. स्प्रॉकेटचं माप काढून आणलंय. दसऱ्यानंतर नागदेवीला जाईन.